मॅगझिन बदलण्याइतका वेळ

१/७
नावड्याहून पनवेलमार्गे मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेस गेले की माणगाव लागते. तेथे नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक आहे. त्यांचा अखेरचा हल्ला समजून घेण्यास व्हिडिओ गेममधील एक चाल उपयोगी पडते. मात्र ती एका टप्प्यापर्यंतच.

२/७
टर्न-बेस्ड युद्धखेळांत बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने चाली होतात. ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ (२०१२) या खेळात ‘सप्रेशन’ ही चाल आहे. सततच्या गोळीबाराने शत्रूचा नेम ढळतो आणि तो जागचा हलला तर त्याच्यावर गोळी सुटते. येथे मारण्यापेक्षा दडपून ठेवणे महत्त्वाचे.

३/७
ही कल्पना पायदळाची आहे. दुसऱ्या महायुद्धात सेक्शन म्हणजे सुमारे दहा जणांची तुकडी. तिच्यातील ब्रेन गनचा गट शत्रूला डोके वर काढू देत नसे; तेवढ्या अवधीत रायफलधारी पुढे सरकत. मारा खंडित झाला की तेच उघडे पडत.

४/७
शत्रूकडेही हेच तंत्र होते. ब्रेनचा वेग मिनिटाला सुमारे ५०० गोळ्या, मॅगझिन ३० गोळ्यांचे. पट्ट्यावर चालणाऱ्या जर्मन एमजी ४२ चा वेग सुमारे १,२००.

५/७
१० जुलै १९४४, इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे. तिसऱ्या बटालियनच्या, ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते स्वतः वगळता सर्व जण ठार वा जखमी झाले. आता मागून मारा करून शत्रूला दडपून ठेवणारे कोणीच उरले नव्हते.

६/७
घाडगे एकटेच धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन व ती चालवणारा निकामी झाला. टॉमीगनने आणखी एक पडला. मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून त्यांनी त्याच ठाण्यात प्राण सोडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मात्र सापडला नाही. कसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे.

७/७
‘एक्सकॉम’मध्ये मॅगझिन बदलणे ही एक स्वतंत्र कृती आहे. खेळाडू विचार करतो तोवर शत्रू थांबून राहतो. आडोसा, मारा आणि पुढे सरकणे यांचा परस्परसंबंध असा खेळ उत्तम शिकवतो. घाडग्यांना मात्र शत्रूने पाळी दिली नव्हती. मॅगझिन बदलण्यास लागणारे ते काही क्षण खेळाच्या हिशेबात बसत नाहीत. पळसगावच्या या नाईकाचा अखेरचा निर्णय त्याच क्षणांत झाला.