ठिणगीचा ठावठिकाणा : पॉइंटच्या मोटारी आणि त्यांचे मिस्त्री

मोटारीचा इतिहास आपल्याकडे बहुधा मालकाच्या बाजूने सांगितला जातो. अमुक संस्थानिकाकडे कोणती गाडी होती, अमुक पुढारी कोणत्या गाडीतून फिरले, मुंबईत पहिली टॅक्सी कधी धावली, इत्यादी. ती गाडी रस्त्यात बंद पडल्यावर कोणी, कशी आणि कोणत्या ज्ञानाच्या बळावर सुरू केली, हा प्रश्न त्या इतिहासात येत नाही. प्रस्तुत लेखात तो एका लहानशा भागापुरता विचारला आहे. तो भाग म्हणजे पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा. पुस्तकी मराठीत तिला प्रज्वलन म्हणतात. मंठ्याच्या गॅरेजात तिला नुसते ‘करंट’ म्हणतात आणि मीही पुढे तसेच म्हणणार आहे.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तिथले इंधन पेटते. पेट्रोलला मात्र प्रत्येक वेळी काडी लावावी लागते. ही काडी कशी लावायची, हा पहिल्या मोटारींपुढचा मोठा प्रश्न होता. १९०२ साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. अमेरिकेत फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये लाकडी पेटीत बसवलेल्या चार थरथरत्या कॉइल असत. चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, एक कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट अशी सुटसुटीत रचना बसवली. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये ती सेल्फ-स्टार्टरसह आली. पुढची साठ वर्षे जगभरातल्या बहुतेक पेट्रोल मोटारी याच रचनेवर चालल्या.

आपल्याकडे ही रचना आयात मोटारींबरोबर आली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडण्याचा कारखाना काढला. १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कंपनीचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. १९४७पासून महिंद्रांनी विलीस जीप जोडायला घेतल्या. १९५३ साली सरकारने धोरण ठरवले, की नुसती जोडणी करणाऱ्यांनी एक तर इथे उत्पादन करावे, नाहीतर काम बंद करावे. परदेशी कंपन्या गेल्या आणि सुटे भाग देशात बनवण्याची गरज उभी राहिली. १९५१ साली बंगळूरला निघालेली मायको प्लग बनवू लागली, १९६१ साली लुकास-टीव्हीएस स्थापन झाली. मिस्त्रीच्या दृष्टीने हे धोरण फार महत्त्वाचे होते. एकच फियाट, एकच जीप वर्षानुवर्षे तशीच बनत राहिली, त्यामुळे एकदा हाताला बसलेली विद्या तीस-चाळीस वर्षे जुनी झाली नाही.

ती विद्या काय होती, ते समजण्यासाठी यंत्रणा पाहावी लागेल. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड वेढ्यांतून वाहतो. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरचा चौकोनी कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह एकदम तुटतो, आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उठतो. रोटर तो दाब पाळीपाळीने एकेका प्लगकडे नेतो. फियाटचा क्रम १-३-४-२. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून ते जळू नयेत, आणि प्रवाह झटकन तुटावा, म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे फिरते तेव्हा पॉइंट ८,००० वेळा उघडतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १३३ वेळा. त्यांच्यातली फट जेमतेम ०.४ ते ०.५ मिलिमीटर.

इतके नाजूक काम झिजणारच. कॅमवर घासणारी टाच झिजली की फट कमी होते, टायमिंग मागे पडते, गाडी चढावर दम टाकते. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा दिसला, तर नुसते पॉलिश पेपरने घासून भागत नाही. कंडेन्सरही तपासावा लागतो.

जालना-जिंतूर रस्त्यावरच्या मंठ्यासारख्या गावात हे दोष शोधायला मीटर नव्हता, पण क्रम होता. आमच्या भागातल्या जुन्या मिस्त्रींकडून तो मी अनेकदा ऐकला आहे आणि सगळ्यांच्या सांगण्यात तो जवळजवळ सारखाच येतो. आधी प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायची आणि सेल्फ मारायला सांगायचे. ठिणगी निळी आणि टणक असेल तर करंट ठीक आहे, दोष पेट्रोलकडे बघा. पिवळी आणि मलूल असेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. ठिणगीच नसेल तर मधली वायर बघा: तिथे करंट असेल तर दोष कॅप किंवा रोटरमध्ये, तिथेही नसेल तर मागे बॅटरीकडे चला. फीलर गेज नसेल तेव्हा हॅकसॉचे पान चाले.

मराठवाड्याच्या हवेने या क्रमात भर घातली. मे महिन्याच्या उन्हात गाडी थांबली की ओले फडके पेट्रोल पंपावर टाकायचे की कॉइलवर, हा खरा परीक्षेचा प्रश्न. पेट्रोलची वाफ झाली असेल तर ठिणगी निळीच राहते. कॉइल तापून कमजोर झाली असेल तर ती पिवळी पडते. पावसाळ्यात कॅपच्या आत ओल धरते. ती पुसून गाडी सुरू झाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा अडली, तर कॅप उजेडात धरून आत केसासारखी काळी रेघ शोधायची. त्या रेघेवरून करंट पळतो.

बदल आधी बाहेर सुरू झाला. १९७३ साली क्रायस्लरने अमेरिकेतल्या आपल्या सर्व मोटारींना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले. आपल्याकडे मारुतीच्या आगमनानंतर, म्हणजे १९८३नंतर, स्पर्धा आली. आणि २००० सालच्या प्रदूषण नियमांनंतर पॉइंट आणि कार्बोरेटर दोन्ही नव्या मोटारींतून हद्दपार होत गेले. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा जुन्या करंटची कसोटी लागली. वायूच्या मिश्रणात ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. पेट्रोलवर चालून जाणारा मरतुकडा प्लग किंवा चिरलेली वायर तिथे लगेच उघडी पडते. ऑक्टोबर २००३मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांची मर्यादा संपून रस्त्यावरून गेली.

आज जुनी फियाट किंवा जीप हौसेने राखणारे पॉइंट काढून त्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक किट बसवतात. दांड्यावर चुंबकाचे कडे आणि शेजारी हॉल सेन्सर. झिजणारी टाच नाही, घासाघीस नाही. सुधारणा खरी आहे. पण ती यशस्वी होण्यासाठी जुनीच विद्या लागते. दांड्याचे बुश झिजलेले असतील तर किट बसवूनही टायमिंग डळमळते. कॉइलचा ओहम किटला जुळला नाही तर किट जळते. इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली तर काही किट तापून निकामी होतात. जुन्या तांब्याच्या वायरी ठेवल्या तर त्यांचा विद्युत गोंगाट सेन्सरला चकवतो. इंजिन आणि चेसिस यांच्यामधली अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर काहीच धड चालत नाही. शिवाय किट बिघडले की ते बदलण्याखेरीज इलाज नाही. म्हणून जाणते लोक डिकीत जुने पॉइंट, कंडेन्सर आणि एक स्क्रू-ड्रायव्हर ठेवतात.

या विद्येला शाळा होती ती हाताखाली राहण्याची. १९५०नंतर आयटीआय निघाल्या, पण मंठ्यासारख्या गावात बहुतेक पोरे फडके आणि रॉकेलचा डबा धरूनच शिकली. दोष शोधण्याचा त्यांचा क्रम हा कार्यकारणाचा शिस्तशीर विचार होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि निष्कर्ष ठिणगीला विचारून काढायचा. ‘गाडी मिस मारते’, ‘करंट पळतो’, ‘टायमिंग बांधणे’ ही त्या विचाराची मराठी परिभाषा. आपल्या कोशांत बलुतेदारांची अवजारे नोंदवली गेली, ते योग्यच झाले. पॉइंटवर हात बसलेले मिस्त्री आता सत्तरीपुढे आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने दोन-चार विद्यार्थी, एक जुना डिस्ट्रिब्युटर आणि एक वही घेऊन त्यांच्यापुढे बसावे, भाग खोलत खोलत प्रत्येकाचे नाव आणि त्याचा दोष लिहून घ्यावा. या कामाला अनुदान लागत नाही, आणि त्यासाठी फार वर्षेही उरलेली नाहीत.