कॉक्लिअर इम्प्लांट झालेलं मूल शाळेत जातंय? पालक आणि गुरुजींनी हे बघा

ऑपरेशन झालं, कानामागं मशीन लागलं की घरच्यांना वाटतं, आता पोरगं बोलायला लागणार. तसं लगेच होत नाही. इम्प्लांट आवाजाचे विजेचे संकेत करून कानाच्या नसेपर्यंत पोहोचवतं. त्या आवाजाचा अर्थ लावायला मूल शिकतं ते स्पीच थेरपीत, घरात आणि वर्गात.

रोज हजेरीआधी दोन मिनिटं काढा. मुलाच्या मागं उभं राहून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज एकेक करून म्हणा, मुलानं ऐकून तसंच म्हणायचं. बोलण्यातले जाडे-बारीक आवाज यात येतात. काल 'स' ऐकू येत होता आणि आज नाही, तर आधी बॅटरी, वायर आणि डोक्याला चिकटणारी कॉइल तपासा. तरी जमलं नाही तर ऑडिओलॉजिस्टला दाखवा. मशीन बंद पडून आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही, असं होऊ देऊ नका. गावात लाईटचा भरवसा नसतो, म्हणून जादा बॅटरी दप्तरात हवीच.

जागा पुढच्या बाकावर, पंखा आणि रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब. एकाच कानाला मशीन असेल तर तो कान गुरुजींकडं. फळ्याकडं तोंड करून बोललेलं या मुलाला कळत नाही. मागच्या बाकावरच्या मुलानं दिलेलं उत्तर गुरुजींनी पुन्हा म्हणावं. पत्र्यावर पाऊस वाजू लागला तर तोंडी शिकवणं थांबवून लिहून द्यावं.

"कळलं का?" असं विचारू नका. मूल मान डोलावतं, कारण सगळे डोलावतात. "मी काय सांगितलं?" असं विचारा.

खेळू द्या, फक्त डोक्याला मार बसेल असे खेळ नकोत. पोहताना, आंघोळीला मशीन काढायचं (वॉटरप्रूफ कव्हर असेल तर गोष्ट वेगळी). पावसाळ्यात रात्री ते सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. एमआरआय करायची वेळ आली तर इम्प्लांट असल्याचं आधी सांगा.

मदत कुठं मिळेल? पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलावून घ्या. मूल बहिरं आहे म्हणून शाळेनं प्रवेश नाकारला तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दाखवा. प्रमाणपत्रात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क त्यात लिहिलेला आहे.