गाण्यासाठी तुरुंग : शाहीर बेरांझे

पॅरिसमध्ये १७८० साली एका शिंप्याच्या घरी, आपल्या आजोळी जन्मलेल्या पिएर-जां द बेरांझे यास लॅटिनचा गंधही नव्हता. पेरॉन गावी आत्याच्या खाणावळीत तो वाढला, छापखान्यात उमेदवारी केली आणि १८०९ पासून एका सरकारी शिक्षण-कचेरीत कारकुनी करू लागला.

१८१३ साली त्याचे ‘इव्हतोचा राजा’ हे गीत शहरभर झाले. झोपाळू, खुशालचेंडू, शेजाऱ्याची कुरापत न काढणारा असा हा राजा. स्तुती त्याची, परंतु लढायांनी देशास थकविणारा नेपोलियन ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राही.

बेरांझे बहुधा नव्या चाली बांधीत नसे. लोकांच्या ओठी असलेल्या जुन्या चालीवर तो आपले शब्द बसवी. आपल्याकडे संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदावर ‘चाल’ छापीत, तसाच हा प्रकार. निरक्षर मनुष्यालाही गीत चटकन पाठ होई, आणि पाठ झालेले गीत जप्त कसे करावे?

बूर्बों राजवटीने प्रयत्न मात्र केला. १८२१ च्या संग्रहामुळे नोकरी गेली, आणि सार्वजनिक व धार्मिक नीतीच्या अवमानाबद्दल तीन महिन्यांची कैद व ५०० फ्रँक दंड झाला. जेझुइटांवरील त्याचे टोमणे श्रद्धावंतास आजही बोचतात, काही तर सरळ अन्यायाचे आहेत. पण राजाच्या बचावासाठी वेदीचा आडोसा घेणाऱ्यांनी धर्माची सेवा केली, असेही म्हणवत नाही. पुढे तर मौजच झाली. खटल्याचा वृत्तान्त त्याने छापविला, आणि त्यात आक्षेपार्ह गीते पुन्हा अवतरली! त्यावरून १८२२ मध्ये दुसरा खटला झाला. तो निर्दोष सुटला.

१८२८ ची शिक्षा अधिक कडक होती : नऊ महिने कैद, १०,००० फ्रँक दंड. दंडासाठी वर्गणी गोळा करण्यात आली.

१८३० च्या क्रांतीनंतर मित्र सत्तेवर आले, तेव्हा त्याने पद नाकारले. १८४८ मध्ये २ लाखांहून अधिक मतांनी निवडून येऊनही त्याने राजीनामा दिला.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातून निसटली. पराभूत नेपोलियनवर त्याने पुढे हळवी गीते रचली. त्यांतून जी आख्यायिका वाढली, तिच्या बळावर पुतण्या सम्राट झाला. १८५७ साली बेरांझे वारला, तेव्हा लोक बिथरतील या धास्तीने त्याच पुतण्याच्या सरकारने अंत्ययात्रा आपल्या हाती घेतली आणि रस्त्यांवर सैन्य उभे केले.