व्होल्टा नदी प्रकल्प

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाचा जलविद्युत् प्रकल्प. नवस्वतंत्र राष्ट्राला मिळणाऱ्या शासकीय अर्थसाहाय्याचे स्वरूप व मर्यादा यांचे हे बोधक उदाहरण होय. अकोसोंबो येथे व्होल्टा नदीवर धरण बांधण्याची कल्पना भूवैज्ञानिक ॲल्बर्ट किट्सन याने १९१५ मध्ये मांडली. या विजेवर देशी बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम तयार करण्याची योजना ब्रिटिश अमदानीत आखण्यात आली. तथापि अवाढव्य खर्चामुळे ती मागे पडली.

देश ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. कोकोच्या निर्यातीवर विसंबलेली अर्थव्यवस्था बदलण्यासाठी क्वामे एन्क्रूमा यांनी या योजनेस अग्रक्रम दिला व १९५८ मध्ये अमेरिकेकडे साहाय्य मागितले. कैसर या अमेरिकन कंपनीच्या अभियंत्यांनी तिची फेरआखणी केली. खर्च घटला, परंतु देशी बॉक्साइटचे खाणकाम व त्यापासून ॲल्युमिना बनविण्याचा कारखाना पहिल्या टप्प्यातून वगळले गेले. एन्क्रूमा यांचा सोव्हिएट गटाकडील ओढा पाहून अमेरिका साशंक होती. अखेर डिसेंबर १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी मान्यता दिली.

खर्चाचा निम्मा भार घानाने उचलला. उर्वरित रक्कम जागतिक बँक (४·७ कोटी डॉलर), अमेरिका व ब्रिटन यांनी कर्जरूपाने दिली. या कर्जांची फेड होण्यासाठी विजेला मोठे व कायमचे गिऱ्हाईक आवश्यक होते. तेमा येथील ॲल्युमिनियम कारखाना हे ते गिऱ्हाईक. त्यात कैसरचा ९० टक्के व रेनॉल्ड्स कंपनीचा १० टक्के वाटा होता. त्याला दीर्घ मुदतीच्या कराराने अत्यल्प दरात वीज मिळाली.

धरणाचे उद्‌घाटन २२ जानेवारी १९६६ रोजी झाले. पुढच्याच महिन्यात लष्करी उठावाने एन्क्रूमा पदच्युत झाले. सु. ८,५०० चौ. किमी. विस्ताराच्या जलाशयामुळे सु. ८०,००० लोक विस्थापित झाले. नव्या वसाहतींत त्यांना पुरेशी शेतजमीन मिळाली नाही. तेमाचा कारखाना १९६७ मध्ये आयात ॲल्युमिनावर सुरू झाला. घानाचे बॉक्साइट मात्र कच्चेच परदेशी जात राहिले. प्रदीर्घ वाटाघाटींनंतर १९८५ मध्ये विजेचा दर वाढवून घेण्यात घानाला यश आले.

प्रकल्पाने देशाला उद्योगांसाठी व शहरांसाठी वीज दिली. १९७२ पासून टोगो व बेनिन (तत्कालीन दाहोमी) यांनाही ती पुरविण्यात आली. मात्र खाणीपासून धातूपर्यंतची जी साखळी देशातच उभारायची होती, ती अपुरीच राहिली. म्हणूनच अशा साहाय्याचे मूल्यमापन करताना रकमेइतकाच तिच्यासोबतच्या करारांचाही विचार करावा लागतो.