परळचा शिलालेख आणि मराठीतील जुनी क्रियारूपे

मुंबईतील परळ येथे सापडलेला, उत्तर कोकणचा शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याच्या कारकीर्दीतील शिलालेख शके ११०८ (इ. स. ११८६–८७) मधील आहे. दानविषयक मजकूर संस्कृतात असून शेवटची शापवाणी मात्र मराठीत आहे. शासन मोडणाऱ्यास सामान्य जनांच्या भाषेत धाक घालावा, हा त्यामागील हेतू उघड आहे. अशा लेखांना ‘गद्धेगाळ’ म्हणतात. शापातील ग्राम्य शब्द वगळले, तरी त्यातील क्रियारूपे भाषेच्या इतिहासात मोलाची ठरतात.

‘लोपी’ (लोपतो, मोडतो) हे जुन्या वर्तमानकाळाचे रूप होय. ‘-तो’ प्रत्ययाच्या रूपांनी पुढे त्याची जागा घेतली व ‘तो रोज जाई’ अशा रीतिभूतकाळापुरते ते उरले. ‘पडे’ हेही मूळचे तसेच रूप. येथे मात्र त्याला ‘पडो’ असा शापार्थ आहे. तिसरे रूप ‘-इजे’ प्रत्ययाचे असून ते कर्मणी आहे. संस्कृत ‘-य-’, प्राकृत ‘-इज्ज-’ अशी त्याची परंपरा दिसते.

शापाची वचने ठराविक साच्याची असल्याने त्यांत बोलीतून गेलेली रूपे टिकून राहण्याचा संभव असतो. इंग्रजीत १६११ च्या बायबल-भाषांतराने ‘डथ’, ‘हॅथ’ ही रूपे राखली. बोलण्यात तेव्हा ‘डझ’, ‘हॅझ’ रूढ होत होती. म्हणून केवळ शिलालेखावरून बोलीविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. परंतु तेराव्या शतकातील लीळाचरित्राच्या गद्यातही ही रूपे आढळत असल्याने ती त्या काळी जिवंत होती, असे मानण्यास आधार मिळतो.

पुढे कर्मणी अर्थासाठी ‘जाणे’ या क्रियापदाची जोड रूढ झाली (‘केले जाते’) आणि ‘-इजे’ मागे पडले. तथापि दोन शब्दांत ते आजही वावरते : ‘म्हणिजे’पासून आलेले ‘म्हणजे’ आणि ‘पाहणे’ या धातूचे ‘पाहिजे’. ‘मला पाणी पाहिजे’ या वाक्यात ‘मी’ कर्ता होत नाही, याचे कारण या मूळच्या कर्मणी रचनेत आहे. शिलालेखातील हा प्रत्यय परळच्या बाजारात आजही रोज उच्चारला जातो. बोलणाऱ्यास मात्र त्याच्या प्राचीनतेची जाणीव नसते.