डिस्क-आज्ञांचे रांग-नियोजन

संगणकावर एकाच वेळी चालणारे अनेक प्रोग्रॅम डिस्ककडे वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञा पाठवतात. त्या आज्ञांचा क्रम ठरवण्याची ही पद्धत. हे काम काही अंशी ऑपरेटिंग सिस्टिम, काही अंशी ड्रायव्हर आणि काही अंशी डिस्कमधला नियंत्रक करतो. डिस्कचा वेळ वाया जाऊ नये आणि कोणाचीही आज्ञा रखडू नये, या दोन्ही अपेक्षा एकाच रांगेकडून असतात. त्या सहसा एकमेकींच्या आड येतात.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होते. हवा तो सेक्टर, म्हणजे डेटाचा तुकडा, वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते. हेड एका ट्रॅकवरून (वर्तुळाकार पट्ट्यावरून) दुसऱ्यावर नेण्याचा वेळ वेगळाच. आज्ञा आल्या त्या क्रमाने पुरवल्या तर हेडची धावपळ होते आणि सगळ्यांचेच काम मंदावते. याउलट दर वेळी सर्वांत जवळची आज्ञा उचलली तर काम झपाट्याने उरकते, पण जवळच्या आज्ञा येतच राहिल्या तर दूरच्या ट्रॅकवरची आज्ञा कधीच पुरी होत नाही. या स्थितीला उपासमार म्हणतात.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हा पेच कालव्यावरून ओळखीचा आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांत जाते. माथ्याकडच्या शेतांनी हवे तेवढे उचलले तर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, शेतापर्यंत पाणी पोचत नाही. म्हणून शेजपाळी या पाणीवाटपाच्या पद्धतीत नमुना नं. ७ च्या अर्जावर मागणी घेतात, पाळी ठरवतात आणि आवर्तन टेलकडून माथ्याकडे चालवतात. जागेने दूर असलेल्याला नियमानेच संरक्षण द्यावे लागते, हे तत्त्व डिस्कलाही लागू पडते.

स्कॅन पद्धतीत हेड एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेतल्या आज्ञा पुरवतो आणि मग उलट फिरतो. उपासमार टळते, मात्र मधल्या ट्रॅकवर हेड बऱ्यापैकी समान अंतराने येतो, तर कडेच्या आज्ञेला कधी हेडच्या जवळजवळ दोन खेपांइतके (एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत आणि परत) थांबावे लागते. चक्राकार स्कॅनमध्ये परतीचा प्रवास काम न करता केला जातो, त्यामुळे वाट पाहणे सर्वांना बरेचसे सारखे होते.

पुढे डिस्क स्वतःच हुशार झाल्या, आणि प्रश्न अवघड झाला तो इथे. स्कझी जोडणीच्या डिस्कला एकावेळी अनेक आज्ञा क्रमचिन्हांसह देता येतात. साटा जोडणीच्या डिस्कमधल्या अशाच सोयीत, नेटिव्ह कमांड क्यूइंगमध्ये, एकावेळच्या आज्ञांची मर्यादा ३२ आहे. आत गेलेल्या आज्ञांचा क्रम डिस्क आपल्या सोयीने लावते आणि ड्रायव्हरने वर सांभाळलेला न्याय आत बिघडू शकतो. स्कझीत यावर साधन आहे. ‘साध्या’ चिन्हाची आज्ञा डिस्कने मागेपुढे केली तरी चालते. ‘क्रमबद्ध’ चिन्हाची आज्ञा मात्र आधीच्या सगळ्या आज्ञा संपल्याशिवाय सुरू होत नाही. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा ‘डीए’ हा डिस्क-ड्रायव्हर डिस्क सतत कामात असताना दर १५ सेकंदांनी अशी एक क्रमबद्ध आज्ञा पाठवतो. त्यामुळे मागे राहिलेल्या दूरच्या आज्ञा डिस्कला पुऱ्या कराव्याच लागतात. वेगाचे किंचित नुकसान सोसून दिलेली ही हमी, माझ्या मते, या विषयातल्या सर्वांत सुबक युक्त्यांपैकी एक आहे.

लिनक्सने वेगळ्या वाटा धरल्या. जेन्स अॅक्सबो यांच्या ‘डेडलाइन’ नियोजकात प्रत्येक आज्ञेला मुदत असते: मूळ मांडणीत वाचनाला ५०० मिलिसेकंद, लेखनाला ५ सेकंद. वाचणारा प्रोग्रॅम उत्तरासाठी खोळंबून बसतो, लेखन मात्र बहुधा आधी मेमरीत साठते. म्हणून हा फरक न्याय्यच आहे. त्यांच्याच ‘सीएफक्यू’ने प्रत्येक प्रोसेसला वेगळी रांग आणि डिस्कवरचा ठरावीक वेळ दिला. २००६ मध्ये तो लिनक्सचा मुख्य नियोजक झाला आणि २०१९ मध्ये ५.० आवृत्तीतून वगळला गेला. वेळ सारखा दिला तरी विखुरलेले वाचन करणाऱ्याच्या पदरात तेवढ्या वेळात फार थोडा डेटा पडतो. पाओलो व्हॅलेंते यांचा ‘बीएफक्यू’ (लिनक्समध्ये २०१७ पासून) म्हणून सेक्टरांचे बजेट मोजतो. म्हणजे समान वाटप वेळेचे करायचे की डेटाचे, हे आधी ठरवावे लागते.

एनव्हीएमई जोडणीच्या एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भाग नाही. ६५,५३५ पर्यंत रांगा असू शकतात आणि नियंत्रक त्यांतून पाळीपाळीने आज्ञा उचलतो. एवढ्या वेगापुढे क्रम लावायला प्रोसेसरचा वेळ घालवणे अनेकदा परवडत नाही, म्हणून लिनक्समध्ये अशा डिस्कसाठी बरेचदा नियोजकच नसतो. पण ही पाळी रांगांची असते, प्रोग्रॅमांची नव्हे. एकाच रांगेत एका प्रोग्रॅमने शेकडो आज्ञा ओतल्या तर शेजारच्या प्रोग्रॅमची एकुलती आज्ञा त्यांच्यामागे अडकते. तिथे ‘बीएफक्यू’सारखा नियोजक मुद्दाम लावावा लागतो.