टोक्याच्या पलीकडे, वडाळ्याच्या कीर्तनाला

संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिरापाशी थांबा आणि खिशातला मोबाईल बंद करा. ज्या काळात निघालोय तिथे त्याला कुणी विचारत नाही. रिक्षांचे हॉर्न मागे पडू द्या. टपरीवरच्या चहातल्या आल्याचा वास विरू द्या. आता पायाकडे बघा. डांबर गेलं, घोटाभर फुफाटा आला. अंगावर धोतर आहे की लुगडं ते तुमचं तुम्ही बघा, पण काठाला बाभळीचा काटा अडकलाय तो आधी सोडवा. १९१४ च्या आगेमागचे दिवस आहेत, पौषातली पहाट आहे आणि हातपाय गारठलेत.

समोर धमणी उभी आहे. बैलांच्या नाकपुड्यांतून वाफा निघतायत. गाडीवान कासरा सावरत म्हणतो, "बसा पाव्हणं. उन्हं चढायच्या आत वाळूज मागं टाकायचंय."

बसा. खाली कडब्यावर घोंगडं अंथरलेलं आहे. ते टोचतं, आणि त्याला मेंढ्यांचा उग्र वास आहे. दोन दिवस तुम्हाला त्याच्यावरच काढायचेत.

छावणीकडे मराठी ख्रिस्ती मंडळी आहे, रतनजी नवरोजी या पारशी कुळातल्या पाळकांनी वाढवलेली. तिथेही उपासना झाली असती. पण तुम्हाला मी नगरच्या वाटेवर वडाळा बहिरोबाला नेतोय. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं आहे, शाळा आहे, आणि उद्या रात्री कीर्तन आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं गायची आहेत. खुद्द टिळक येणार नाहीत. मला तेच हवंय. लिहिणारा समोर नसताना त्याचं लिहिणं माणसांत काय करतं, ते तुम्ही जवळून बघावं.

वाटेत धूळ खा, दुसरा उपाय नाही. धूळ दातांत करकरते, पापण्यांवर बसते. दुपारी बैल सोडले की गाडीवान फडक्यातली ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि एक कांदा काढतो. कांदा मुठीनं फोडतो. निम्मा तुमच्या हातावर ठेवतो. नको म्हणू नका.

टोक्याला पोचता तेव्हा निजामाचा मुलूख संपतो. करोडगिरीच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागलीय. शिपाई पोती टोचून बघतोय, एक म्हातारी आपल्या गाठोड्यासाठी त्याच्याशी तावातावानं भांडतेय, आणि सराफ निजामाच्या हाली शिक्क्याचे इंग्रजी कलदार करून देताना बट्टा कापून घेतोय. तुमचेही पैसे बदलून घ्या. पलीकडे हाली चालत नाही. काठावर सिद्धेश्वराचं दगडी देऊळ, खाली गोदावरी, आणि समोरून तिला मिळणारी प्रवरा. ओल्या वाळूचा आणि शेवाळाचा वास येतो. बैल पाण्यात तोंड घालतात ते मान वर करायला तयार नाहीत.

याच प्रवरेच्या काठानं थोडं आत गेलं की नेवासं लागतं. तिथल्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि मागे, गोदावरीकाठीच, पैठणला एकनाथ. हे मी उगीच सांगत नाही. टिळक ख्रिस्ती झाले ते ज्ञानोबा-तुकोबांना घरी टाकून नव्हे. अभंग, ओवी, कीर्तन असं सगळं बरोबर घेऊन ते आले. तुकारामाच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, हे त्यांनी कधी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांज होता होता वडाळं येतं. आधी वास येतो, गोवऱ्यांच्या धुराचा आणि कुणाच्या तरी तव्यावर करपलेल्या भाकरीचा. मग घंटा ऐकू येते. मग पोरं. ती गाडीमागे धावतात, लोंबकळतात, गाडीवानाच्या शिव्या खातात आणि पुन्हा लोंबकळतात.

मास्तरांच्या ओट्यावर तुम्हाला जागा मिळते. मास्तर शाळेत शिकवतात, रविवारी उपदेश करतात आणि कीर्तनात उभेही राहतात. आत्ता त्यांच्या हातात 'ज्ञानोदय'चा अंक आहे. हे पत्र १८४२ पासून चालू आहे आणि अलीकडे त्याची मराठी बाजू टिळक बघतात. कागद बोटांच्या घामानं मऊ झालाय, घडीवर विरलाय. हा अंक वडाळ्याला पोचेपर्यंत किती हातांतून आलाय कोण जाणे. ओट्याखाली वीस-पंचवीस माणसं बसलीत. वाचता येणारी त्यात बोटांवर मोजावीत. पण वाचन सुरू झालं की सगळ्यांच्या माना पुढे येतात, आणि अभंगाशी आल्यावर मास्तर थांबतात. एक चरण म्हणतात. खालून तो परत येतो. दुसरा म्हणतात, तोही परत येतो. चार वेळा असं झालं की मास्तर अंक खाली ठेवतात. आता त्याची गरज उरलेली नसते.

मराठीची ही जुनी रीत आहे. गोव्यात फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं तेही असंच, ओव्यांतलं, मोठ्यानं वाचायचं आणि मंडळींनी ऐकायचं. पण इथे नगर जिल्ह्यात मधली कितीतरी वर्षं लोकांच्या वाट्याला इंग्रजीतून उतरवलेली गीतं आली, चालींसकट. शब्द मराठी, पण ताल पायाला सापडेना. माणसं ती आज्ञाधारकपणे म्हणत. टिळकांची पदं मात्र माणसं मागून घेतात, आणि हा फरक तुम्हाला या ओट्यावर बसल्याबसल्या दिसेल.

टिळकांचं पूर्ववृत्त मास्तरांना तोंडपाठ आहे, आणि पाहुणा मिळाला की ते सांगतात. आगगाडीत कुणी एक गोरा गृहस्थ भेटला. त्यानं या ब्राह्मण कवीशी आदरानं बोलणं केलं आणि जाताना नव्या कराराचं पुस्तक हातात ठेवलं. टिळकांनी ते वाचायला घेतलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि अडकले. पुढे १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर मोडलं, बायको दुरावली. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मग आल्या, तेव्हाही आपलं सोवळं घेऊन आल्या, आणि स्वतःला पटेल तेवढंच एकेक पाऊल टाकत १९०० साली ख्रिस्ती झाल्या. इथे मास्तर बोट वर करतात. "नवऱ्यानं सांगितलं म्हणून नाही झाल्या हां. त्यांचं त्यांना पटलं तेव्हा."

लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' अजून लिहिली जायची आहेत. टिळकांनी हाती घेतलेलं 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर थांबणार आहे, आणि बाकीचं साठाहून अधिक अध्यायांचं ओझं याच बाई उचलणार आहेत. पण हे मास्तरांना सांगू नका. त्यांना झोप लागायची नाही.

कीर्तन उभं राहतं तेव्हा थंडी कडक पडलेली असते. पटांगणात पासोड्या, घोंगड्या, बायकांच्या पदराआड झोपलेली लेकरं. दोन कंदील टांगलेत, त्यांच्या काचांवर काजळी. रॉकेलचा वास डोक्यात जातो. तुम्ही दाटीवाटीत बसता. शेजारच्याचा गुडघा तुमच्या बरगडीत, मागच्याचा खोकला तुमच्या मानेवर. पखवाजावर थाप पडते, झांजा कडाडतात, आणि चिपळ्या घेऊन मास्तर उभे राहतात. ओट्यावरचे अशक्त मास्तर हेच का, असं तुम्हाला वाटून जातं.

ख्रिस्ती कीर्तनाची चाल नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी टिळकांच्या आधीच पाडली होती. पूर्वरंग, आख्यान, सगळं रीतसर. आजचं आख्यान उधळ्या पुत्राचं. पण मास्तरांच्या तोंडून ऐकताना तो पोरगा कुठल्या परमुलखातला उरत नाही. तो वाटणी मागतो ती भावकीतल्या भांडणाच्या सुरात. दुष्काळात दुसऱ्याच्या दारी डुकरं राखतो, तेव्हा पटांगण गप्प होतं, कारण संवत छपन्नच्या दुष्काळात इथल्या कित्येकांनी काय काय खाल्लंय ते त्यांचं त्यांना ठाऊक आहे. आणि म्हातारा बाप वेशीपाशी रोज वाट बघत उभा राहतो, त्याला लांबून पोराची चाल ओळखू येते, तेव्हा मास्तर बोलणं थांबवून टिळकांचं पद उचलतात. बाप आणि माय एकाच देवात बघणारं पद. टिळकांचा ख्रिस्त असाच असतो, माउली म्हणून हाक मारावी असा. सगळं पटांगण गातं. सुरात गातं असं मी म्हणणार नाही. तुमच्या पुढचा गडी तर चक्क ओरडतोय, आणि ओरडता ओरडता त्याच्या गालावरून पाणी वाहतंय.

तुम्हीही गाताय. शब्द कधी तोंडात बसले ते कळलंच नाही.

रात्री मास्तरांच्या घरीच आडवे व्हा. पाठीला जमीन लागते न लागते तोच घरघर सुरू होते. पहाटेचे चार असतील. शेजारच्या खोपटात जातं फिरतंय, त्याचा हादरा जमिनीतून तुमच्या पाठीला लागतो. उठा, जाऊन बघा. एक बाई खुंटा धरून बसलीय. पाळूभोवती पिठाचं पांढरं कडं जमलंय, ज्वारीचा कोवळा, गरम वास सुटलाय. ती काल रात्रीचंच पद म्हणतेय, पण जात्याच्या चालीत बसवून, सावकाश. मधेच एक शब्द बदलते. टिळकांनी ऐकलं असतं तर हरकत घेतली नसती, अशी माझी खात्री आहे.

तुम्ही दारात घुटमळता तशी ती म्हणते, "ये लेकरा, बस. शेकोटी हाय." आणि हात न थांबवता सांगते. प्लेगात तिची दोन लेकरं एका आठवड्यात गेली. त्यानंतर प्रार्थना होईना. देवळात जायची, डोळे मिटायची, आत काही हालायचं नाही. पाळकांनी समजूत घातली, बायबलबाई घरी येऊन वचन वाचून गेली. ती सगळी भली माणसं, पण त्यांचं बोलणं कानापर्यंतच यायचं. मग कुठल्याशा कीर्तनात एक पद कानावर पडलं. त्यात भक्त देवाला धरून बसतो, सोडत नाही, बोल म्हणतो. "म्हनलं, असं बी चालतंय व्हय देवाला?" दुसऱ्या दिवशी दळताना तेच तोंडात आलं. तिसऱ्या दिवशीही.

"आधी मी मास्तर सांगत्याल तसं म्हनायची," ती मूठभर दाणे वैरते. "आता माझं मी म्हनते. लेकरं काय माघारी आली न्हाईत. पर मी येकली न्हाई."

एवढंच ती बोलते आणि पुन्हा खुंटा फिरवते. मला या सगळ्या प्रवासात दाखवायचं होतं ते हेच. श्रद्धेवर उत्तम ग्रंथ असतात, युक्तिवाद असतात, टिळकही ते करू शकत होते. पण चार वाजता, अंधारात, हातात जात्याचा खुंटा असताना युक्तिवाद उपयोगी पडत नाहीत. तेव्हा तोंडात आपोआप येईल असं काहीतरी लागतं, आणि ते आपल्याच बोलीतलं लागतं. टिळकांनी ते लिहून ठेवलं. बाईनं ते घेतलं, आपल्या दुःखाच्या मापाचं करून घेतलं, आणि आता ते तिचं आहे. आजही संभाजीनगरापासून मुंबईपर्यंत मराठी मंडळींच्या हातात 'उपासना संगीत' असतं आणि त्यात टिळकांची पदं शेकड्यांनी आहेत. पण पुस्तक न उघडता ती म्हणणारी आजी जिथे तुम्हाला भेटेल, तिथे तिच्याशेजारी बसा.

उजाडलं. गाडीवान बैलांना शिवळा घालतोय. मास्तर लगबगीनं येतात, हातात तोच मऊ पडलेला 'ज्ञानोदय'. तो वाटेतल्या मंडळीला द्यायचाय, म्हणून तुमच्याकडे सोपवतात. चुरगाळू नका, भिजवू नका, आणि गाडीत बसल्याबसल्या तिसऱ्या पानावरचा अभंग पाठ करा, अशी ताकीद मिळते. पुढच्या गावात वाचणारा माणूस तापानं पडलाय. रात्री माणसं जमतील, आणि म्हणून दाखवायला तुम्हालाच उभं करतील.